कोरियन तिखटाची भरलेली अंडी
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर दर महिन्याला लागणीचे अंतर, खोडव्याची खते, हुमणी आणि लोकरी मावा यांविषयी लिहिणारे आम्ही या वेळी एकदम अंड्यावर कसे आलो, असे आपणांस वाटेल. त्यास कारण आहे. अलीकडे गटागटांतून फिरताना निदान चार-पाच घरांतून आम्हांस एकच प्रश्न आला. कोणाचा मुलगा रांजणगावला एलजीच्या कारखान्यात आहे. कोणाचा पुतण्या तळेगावला ह्युंदाईत आहे (जनरल मोटर्सचा हा कारखाना ह्युंदाईकडे आला, तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये पुरा झाला). कोणाची नात मोबाईलवर कोरियन मालिका बघते. सुटीला येताना ही पोरं एक तांबडा डबा घेऊन येतात आणि परत जाताना तो तसाच ठेवून जातात. मग घरातील बायामंडळी विचारतात, "साहेब, हे तिखट हाय का गोड? आणि ह्याचं करायचं काय?"

तर तो डबा गोचुजांगचा. त्याचे काय करायचे, याचे एक सोपे उत्तर म्हणजे भरलेली अंडी. माळकरी सभासदांनी हे पान ओलांडून पुढील पानावरील खोडवा व्यवस्थापनावर जावे, आमचा राग मानू नये. श्रावण पाळणाऱ्यांनी श्रावण संपेपर्यंत अंक जपून ठेवावा.

गोचुजांग म्हणजे कोरियातील मुरवलेली मिरचीची चटणी. "गोचु" म्हणजे मिरची आणि "जांग" म्हणजे मुरवलेले चाटण. आपला ठेचा सकाळी केला की दुपारी संपतो. हे प्रकरण मात्र महिनोन्महिने मुरते. त्यात वाळलेल्या तांबड्या मिरचीची भुकटी, चिकट तांदळाचे पीठ, सोयाबीनच्या मुरवलेल्या ढेपांची पूड, मोड आणून वाळविलेले जव आणि मीठ असते. सोयाबीन शिजवून, कांडून त्याच्या विटा करतात, भाताच्या काडाने बांधून टांगून ठेवतात. त्या काडात जे जिवाणू असतात ते विटेत शिरतात, वर बुरशी धरते आणि सोयाबीनमधील प्रथिने फुटून चव तयार होते. पाचट कुजविण्यासाठी आपण जिवाणूंचे संवर्धन टाकतो ना, तोच व्यवहार, फक्त इथे काम शेतात नाही, आढ्याला टांगून चालते. पुढे सगळे मिश्रण मातीच्या रांजणांत भरून अंगणात उन्हात ठेवतात.

आम्हांस यात सर्वांत गमतीचा वाटला तो जवाचा भाग. मोड आलेल्या जवात असे द्रव्य असते की ते तांदळाच्या पिठातील पिष्टाची साखर करते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या आपल्या भगिनींना हे नवे सांगावयास नको. म्हणजे त्या चटणीत जो गोडवा लागतो तो मूळच्या रीतीने वरून साखर घालून आणलेला नाही, पिठातून काढलेला आहे. आपल्याकडे ऊस ही साखर आयती करून देतो. कोरियात थंडी कडक, तिथे आपल्यासारखा ऊस होत नाही, म्हणून त्या बायकांनी धान्यातून गोडी काढण्याची ही वाट शोधली. बाजारच्या डब्यात मात्र हल्ली वरून पाक घातलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

ही चटणी करण्याची लेखी रीत १७६६ सालच्या एका कोरियन ग्रंथात आढळते, आणि तो ग्रंथ शेतीविषयक होता. तेव्हा शेतीच्या पानावर चटणी कशाला, असे म्हणणाऱ्यांस आम्ही या ग्रंथाकडे बोट दाखवू. सुनचांग हे गाव या चटणीसाठी नावाजलेले. जोसन घराण्याच्या पहिल्या राजाने ती तिथे चाखली आणि गादीवर बसल्यावर मागवून घेतली, अशी दंतकथा तिकडे सांगतात. पण हा राजा गादीवर आला १३९२ साली, आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली. शंभर वर्षे आधी राजाने मिरची कुठून खाल्ली, हे दंतकथा सांगणाऱ्यांनाच विचारावे. कोरियात मिरची सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ च्या जपानी स्वारीच्या आगेमागे पोहोचली, असे सर्वसाधारण मत आहे. आपल्याकडे ती त्याच शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यास उतरली. म्हणजे मिरचीच्या बाबतीत आपण आणि कोरियन एकाच पिढीचे. सोयाबीन, मिरची अशी चाटणे मुरविण्याच्या या कोरियन परंपरेला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतले आहे.

आणखी एक गोष्ट साखरवाल्यांनी माहीत करून घेण्यासारखी. आज गोचुजांग विकणाऱ्या मोठ्या कोरियन कंपन्यांपैकी एक मुळात साखर कारखाना होती. "चेइल जेदांग" या नावाने ती १९५३ साली निघाली, बुसानला तिने साखर काढली. नावाचा अर्थच "पहिली साखर". ऊस नाही, तर परदेशातून कच्ची साखर आणायची आणि शुद्ध करून विकायची, हा त्यांचा धंदा. तिथून वाढत वाढत ती पीठ, तेल, मसाले, चटण्या यांत शिरली. आपल्याकडे त्याच सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याची धुराडी पेटली होती. वाटा वेगळ्या झाल्या. त्यांच्याकडे मालक एक आणि आपल्याकडे सभासद हजारो, हा फरक आम्ही आपल्याच बाजूने मोजतो. परंतु साखरेच्या पुढे काय करायचे याचा विचार त्यांनी लवकर केला, हे मान्य करावे लागते.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो.

१३ जानेवारी १९०३ रोजी "गेलिक" नावाची आगबोट हवाई बेटांतील होनोलुलूच्या धक्क्याला लागली. तिच्यातून शंभरएक कोरियन माणसे उतरली. पुरुष, काही बायका, काही लेकरे. अमेरिकेच्या मुलखात समूहाने गेलेले हे पहिले कोरियन. ते गेले कशासाठी? तर ऊस तोडायला. मायदेशी दुष्काळ पडलेला, पोटाला नाही. ओआहू बेटावरील वायालुआच्या मळ्यात त्यांना धाडण्यात आले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांच्यामागून सात हजारांवर माणसे गेली, १९०५ साली हे जाणे बंद झाले. मळेवाल्यांचा हेतू सरळ होता. जपानी मजूर संप करू लागले होते, त्यांना शह द्यायला दुसऱ्या मुलखातला मजूर हवा होता.

दिवसाला दहा तास काम आणि महिन्याला सुमारे सोळा डॉलर मजुरी. गळ्यात नंबराचा धातूचा बिल्ला. माणसाला नावाने कोणी हाक मारीत नसे, नंबराने मारी. मुकादम घोड्यावर. हवाईचा ऊस जवळजवळ दोन वर्षे उभा राही, आपल्या आडसालीपेक्षाही जास्त. खालची वाळकी पाने काढण्याच्या कामाला तिकडे "होले होले" म्हणत. आपण त्याला पाचट काढणे म्हणतो. ज्याने आडसालीच्या फडात शिरून पाचट काढले आहे, हातापायाला पानाच्या धारेने कापून घेतले आहे, त्याला त्या माणसांचा दिवस कसा जात असेल हे वेगळे सांगायला नको.

यातील बहुतेक पुरुष एकटे होते. १९१० नंतर शेकडो कोरियन मुली, नवऱ्याचा फोटो तेवढा पाहून, लग्नासाठी बोटीत बसून तिकडे गेल्या. कैक जणींना धक्क्यावर उतरल्यावर दिसले की फोटो दहा-वीस वर्षांपूर्वीचा होता. परत जायला पैसे नव्हते. त्या राहिल्या. मळ्यातील झोपड्यांत त्यांनी एकट्या पुरुषांच्या खाणावळी चालविल्या, कपडे धुतले, किमची मुरवली आणि मिरची-सोयाबीनची आपली चव परमुलखात धरून ठेवली. गळ्यात नंबर होता तरी जिभेवर गाव होते.

हे वाचताना आम्हांला आपल्या फडाकडेच्या कोप्या दिसल्या. कार्तिकात बीडकडून टोळ्या येतात. उचल घेतलेली, बैलगाडीत चूल आणि लेकरे. पहाटे तीनला बाई भाकरी थापते आणि चारला कोयता घेते. त्यांच्या भाकरीवरचा तो काळा ठेचा आपण कधी चाखला असेल-नसेल. आमची एक सूचना आहे, हवी तर घ्या. तोड चालू असते ते चार-पाच दिवस टोळीतील लेकरांना रोज एक उकडलेले अंडे ज्याच्या त्याच्या मळ्यावर मिळाले, तर सभासदाला ते जड नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि ते सोलून हातात देता येते.

हवाईचा शेवटचा साखर कारखाना माउई बेटावर डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. ऊस गेला, मजुरांची नातवंडे-पतवंडे राहिली. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांविषयीचा कायदा बदलल्यावर आणखी पुष्कळ कोरियन तिकडे गेले. अशा घरांतून आजीची चटणी आणि अमेरिकन शेजाऱ्याचा पदार्थ एका ताटलीत आला, त्यांपैकीच ही भरलेली अंडी. खुद्द कोरियातल्या जुन्या आजीबाईला विचाराल तर हा पदार्थ तिच्या ओळखीचा नसेल. तिच्याकडे उकडलेली अंडी सोयाच्या खारट पाण्यात मुरवतात.

अमेरिकेत या पदार्थाला "डेव्हिल्ड एग्ज" म्हणतात, म्हणजे सैतानी अंडी. घाबरू नका. झणझणीत मसालेदार पदार्थाला इंग्रजीत अठराव्या शतकापासून तसे म्हणतात. रोमन लोक जेवणाची सुरुवातच अंड्याने करीत. तेराव्या शतकात स्पेनमधील मुसलमान आचारी बलक काढून त्यात धने-मिरे घालून परत भरीत आणि दोन अर्ध्या काडीने टोचून जोडीत. १८९६ च्या सुमारास अमेरिकेत त्यात मेयोनीज आले. इतका इतिहास पुरे.

आता कृती. सहा अंडी घ्या, म्हणजे बारा भरलेल्या अर्ध्या होतील.

पहिली गोष्ट अंड्याच्या वयाची. घरच्या कोंबडीचे कालचे अंडे या कामास घेऊ नये. ते सोलताना पांढरे टरफलाबरोबर निघून येते आणि अंडे उंदराने कुरतडल्यासारखे दिसते. कारण सामू. जमिनीचा सामू आपण तपासतो, तसा अंड्यालाही असतो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू साडेसातच्या वर थोडा असतो. पुढे टरफलाच्या बारीक छिद्रांतून आतला कर्बवायू निघून जातो आणि आठवड्याभरात तो नऊच्या पुढे चढतो. मग आतला पापुद्रा पांढऱ्याला चिकटून बसत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांची, थंड जागी ठेवलेली अंडी घ्यावीत. ओळखायचे कसे? पाण्यात सोडा. आडवे तळाला बसले तर ताजे. तळाला राहून जाड टोक वर उचलले तर आपल्या कामाचे. वर तरंगले तर टाकून द्या.

पाणी आधी खळखळ उकळू द्या आणि मग पळीने एकेक अंडे अलगद सोडा. गार पाण्यापासून सुरू केलेली अंडी सोलायला जास्त त्रास देतात. बाजारची मोठी अंडी असतील तर अकरा-बारा मिनिटे, गावठी लहान असतील तर नऊ-दहा. घड्याळ लावा. "व्हतंय की अजून" म्हणून वीस मिनिटे ठेवले तर बलकाभोवती हिरवट-काळे कडे येते. ते विष नव्हे. पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांचा संयोग होऊन ते तयार होते. खोडव्यात लोह मिळाले नाही की केवडा पडतो, इथे लोह नको त्याच्याशी जुळते, एवढेच. पण दिसते वाईट आणि वासही येतो. वेळ झाली की लगेच माठातल्या गार पाण्यात टाका, पाणी एकदा बदला, दहा मिनिटे राहू द्या. मग टरफल सगळीकडून हलके टिचवून जाड टोकाकडून, पाण्यातच सोला.

सुरी ओली करून अंड्याचे उभे दोन भाग करा. बलक काढून ताटलीत घ्या आणि हाताने कुस्करू नका, पुरणाच्या चाळणीतून किंवा बारीक जाळीतून दाबून काढा. ही एक पायरी पुष्कळजण गाळतात आणि मग सारण गुठळ्यांचे होते. त्यात तीन मोठे चमचे चक्का घाला. चक्का म्हणजे फडक्यात बांधून पाणी काढलेले दही, आंबट नको. अमेरिकेत इथे मेयोनीज घालतात. ते कच्च्या अंड्याचे असते म्हणून आम्ही ते सुचवीत नाही. २०२४ साली तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती, लोक आजारी पडले म्हणूनच.

आता दोन लहान चमचे गोचुजांग. आधी एक घाला, घोटा, चाखा, मग दुसरा. प्रत्येक डब्याचा तिखटपणा वेगळा असतो. लिंबाचा अर्धा चमचा रस आणि अर्धा चमचा भाजक्या तिळाचे तेल घाला. आपले घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे, कोरियन तेल भाजलेल्या तिळाचे, वासात बराच फरक. तसे तेल नसेल तर चमचाभर तीळ खमंग भाजून कुटून घाला. मीठ अगदी शेवटी आणि चिमूटभरच, कारण चटणी आणि तिळाच्या खाली मीठ लपते. सारण मऊ, पण चमच्यावर उभे राहील असे हवे. पातळ झाले तर वेगळा उकडलेला एक बलक त्यात घाला. दुधाच्या स्वच्छ पिशवीत सारण भरून कोपरा कापला की अंड्यात नीट भरता येते. वरून भाजलेले तीळ, कांद्याची हिरवी पात आणि चिमूटभर मिरचीचे भरड तिखट.

डबा मिळत नसेल तर? घरगुती सोय सांगतो. दोन चमचे बेडगी मिरचीचे तिखट रंगासाठी, पाव चमचा संकेश्वरी झणक्यासाठी, एक चमचा काकवी, एक चमचा सोया सॉस आणि थोडे व्हिनेगर, कोमट करून ढवळा आणि तासभर राहू द्या. हे गोचुजांग नव्हे. मुरण्याने येणारी खोली त्यात येणार नाही, हे आधीच सांगतो. पण तिखट-गोडाचा मेळ जवळपास बसतो. कोरियन लोक तांदळाची काकवी वापरतात, आपण उसाची वापरली तर त्यांनी तक्रार करण्याचे कारण नाही.

एक गोष्ट भगिनींसाठी, हिशेबाची. आडसालीचा पैसा हातात यायला दीड वर्ष. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत रक्कम द्यावी असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, पण त्याआधीचे सतरा-अठरा महिने घरखर्च कोण चालवतो? दूध, आणि त्यानंतर परसातील कोंबड्या. अंड्याचा पैसा बाईच्या हातात राहतो, सोसायटीच्या खात्यातून वळता होत नाही. म्हणूनच आम्ही गटातील भगिनींना गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित परसातील जाती पाळा असे सांगत असतो. त्या गावठीपेक्षा अंडी बरीच जास्त देतात आणि उकिरडा उकरून पोट भरण्याची सवयही त्यांना आहे. बचत गटाने आठवडी बाजारात नुसती अंडी विकण्याऐवजी सहा भरलेल्या अर्ध्यांची प्लेट विकली तर तीन अंड्यांत किती सुटतात, हे आपापल्या गावच्या भावाने मांडून पाहावे.

मात्र विकायचे तर हा नियम पाळावाच लागेल. भरलेली अंडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तासापेक्षा जास्त नको. फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस चालतात. जत्रेत सकाळी भरून संध्याकाळी विकणे म्हणजे लोकांना दवाखान्यात पाठविणे होय. न सोललेली उकडलेली अंडी फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, म्हणून उकडून न्यावीत, चटणी-चक्का बर्फाच्या डब्यात वेगळा न्यावा आणि गिऱ्हाईक समोर आले की भरावे. चटणीत सोयाबीन असतेच, कित्येक डब्यांत गहूही असतो. ज्यांना ते सोसत नाहीत त्यांना आधी विचारावे.

ज्या बचत गटांना ही कृती करून पाहावयाची असेल त्यांनी आपल्या गटाच्या कार्यालयात नाव द्यावे, आठ-दहा भगिनी जमल्या की प्रात्यक्षिक ठेवता येईल. अंडी आपापली आणावीत आणि आठ दिवसांची आणावीत. आणि त्याच घरांतून ज्यांच्या खोडव्याच्या नोंदी अद्याप व्हायच्या आहेत, त्यांनी येतानाच सातबाराचा उतारा बरोबर द्यावा, म्हणजे कारभाऱ्यांचा हेलपाटा वाचेल.